डीव्हीडी प्लेयर घेताना मागची बाजू बघ

अरे भावा, प्लेयर घ्यायला गेलास की पुढचे लाइट आणि डिस्प्ले बघत बसू नको, दुकानदाराला सांग आधी उलटा करून दाखव, आणि मागे कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल आउट (डिजिटल आवाज बाहेर काढायची सॉकेटं) आहे का ते बघ, कारण लाल-पांढऱ्या पिनांमधून फक्त स्टीरिओ म्हणजे दोन चॅनलचा आवाज जातो, ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खोल घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर) जातच नाही. मी स्वतः सहा स्पीकर लावून कित्येक महिने स्टीरिओच ऐकत होतो, कोणी सांगितलंच नाही रे!

एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारं सॉकेट) असेल तर उत्तमच, प्लेयर ते रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) एक केबल, तिथून दुसरी टीव्हीला. रिसीव्हरला एचडीएमआय नसेल तर चित्र सरळ टीव्हीला दे, आवाज कोअ‍ॅक्सियलने रिसीव्हरला.

आता महत्त्वाचं, प्लेयरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल आउट ‘बिटस्ट्रीम’ कर, म्हणजे डिस्कवरचा आवाज न उलगडता तसाच रिसीव्हरला जातो. पीसीएमवर (आवाज प्लेयरच उलगडून देतो) राहिलं तर कोअ‍ॅक्सियलमधून दोनच चॅनल येतात. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस (डिस्कवर आवाज साठवायच्या पद्धती) उमटलं की समज जमलं, पण डिस्कच्या मेनूत पण ५.१ ट्रॅक निवडावा लागतो हां. टीव्ही रुंद पडद्याचा असेल तर सेटिंगमध्ये टीव्ही टाइप १६:९ ठेव.

अपस्केलिंगच्या (चित्र मोठ्या रिझोल्यूशनला ताणणं) नावाखाली जास्त पैसे मात्र घालू नको, डिस्कवर चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ पिक्सेलचंच असतं, वाचलेले पैसे सबवूफरला लाव.