अमेरिकेतल्या एखाद्या ग्रामीण काउंटीत कोणत्या शेतकऱ्याला किती सरकारी अनुदान मिळालं, हे बाहेरच्या माणसाला पाहता येतं का?

हो, बऱ्याच अंशी नावानिशी पाहता येतं. ही रक्कम अमेरिकी कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीमार्फत वाटली जाते आणि तिच्या नोंदी सार्वजनिक असतात. एजन्सीच्या फायली चाळायला किचकट. त्यापेक्षा एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेचा डेटाबेस सोपा. माहिती अधिकाराखाली मिळवलेल्या नोंदींवर तो उभा आहे आणि 1995 पासूनची माहिती काउंटीनिहाय देतो. मात्र पीकविम्याच्या हप्त्यावरचं सरकारी अनुदान त्यात व्यक्तीच्या नावावर दिसणार नाही, कारण विमाधारकांची नावं उघड करायला कायद्याने मनाई आहे. हे अनुदान मोठं असतं, त्यामुळे नावापुढची रक्कम म्हणजे त्या शेतकऱ्याला मिळालेली एकूण मदत असं धरू नका.