जेसीबी बोलावण्याआधी

प्रश्न : डिचोलीजवळ उतारावर घर बांधतोय. जेसीबीवाला म्हणतो, पंचायतीचा परवाना आहे ना, मग माती कापायला वेगळा कागद कशाला?

उत्तर : त्याचं ऐकू नका, दंड तो भरणार नाही. गोव्याच्या १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७-अ आहे. डोंगराळ जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची, तर मुख्य नगर नियोजकांची लेखी परवानगी आधी हवी. पंचायतीचा परवाना वेगळा.

मी एकदा ऐन मे महिन्यात उतार कापला. पहिल्याच पावसात तांबडी माती शेजारणीच्या विहिरीत! आठवडाभर गाळ उपसला. आता दिवाळीनंतरच हात घालतो, टप्प्याटप्प्यानं कापतो, पायथ्याशी जांभ्याचा बांध आधी. कापलेल्या उतारावर वाळा लावा. मुळं खोल जातात.