अनुभवी हेवीवेट की तरुण ठोसेबाज: अंदाज बांधताना मी काय बघतो

तुमचा प्रश्न असा: चाळिशीला टेकलेला, सगळं बघून झालेला हेवीवेट (सगळ्यात जड वजनी गटातला बॉक्सर) आणि त्याच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान, एका ठोशात समोरच्याला आडवा करणारा गडी यांची गाठ पडली, तर कोण जिंकेल हे आधी सांगता येतं का? शिवाय तुम्ही लिहिलंय की माजी विश्वविजेता माइक टायसन आणि यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला तरुण जेक पॉल यांची लढत पाहिल्यापासून तुम्ही डोळे झाकून तरुणाची बाजू घेता.

ती लढत आधी हिशेबातून काढून टाका. आपला बॉक्सर नीरज गोयत याची लढतही त्याच कार्यक्रमात होती, त्यामुळे आपल्याकडे तिची बरीच चर्चा झाली. पण टायसन तेव्हा ५८ वर्षांचा होता, आणि राउंड दोन-दोन मिनिटांचे, तेही आठच. त्यावरून अडतीस-चाळीस वर्षांच्या, नियमित लढणाऱ्या हेवीवेटबद्दल काहीही ठरवता येत नाही. या वजनी गटात माणसं उशिरापर्यंत टिकतात. विताली क्लिचको एकेचाळिसाव्या वर्षीही विश्वविजेता म्हणूनच रिंगमध्ये उतरला होता.

अंदाज नक्की बांधता येतो, फक्त जन्मतारखेवरून नाही. मी दोन गोष्टी विचारतो. जुन्या गड्याकडचं काय अजून शाबूत आहे? आणि तरुणाने अजून काय सोसलेलं नाही?

पहिल्यापासून सुरू करू. बॉक्सरचं शरीर सगळीकडून एकदम थकत नाही. आधी पाय जातात. मग नजर आणि मान यांचा मेळ बिघडतो: ठोसा येताना दिसतो, पण डोकं वेळेवर बाजूला होत नाही. हातातली ताकद सगळ्यात शेवटी जाते. म्हणून तो जुना गडी इतकी वर्षं कशाच्या जोरावर जिंकत आला, हे आधी बघायचं.

माजी विश्वविजेता लॅरी होम्स जॅबच्या (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) आणि पायांच्या जोरावर जिंकायचा. हेवीवेटमध्ये त्याच्यासारखा जॅब फार थोड्यांकडे होता. २२ जानेवारी १९८८ ला अटलांटिक सिटीत तो टायसनसमोर आला तेव्हा होम्स ३८ वर्षांचा, टायसन २१ चा, आणि होम्स जवळपास दोन वर्षं लढलेलाच नव्हता. त्या लढतीचा चौथा राउंड मिळाला तर नक्की बघा. होम्स चवड्यांवर येतो, रिंगभर फिरायला लागतो, जॅब बसायला लागतो. काही क्षण वाटतं की जुना होम्स परत आला. मग पाय मंदावतात, आणि टायसनचा उजवा हात पोचतो. होम्स त्याच राउंडमध्ये तीनदा पडला आणि लढत संपली. ७५ लढतींच्या कारकिर्दीत तो वेळेआधी हरला तो फक्त त्या रात्री. काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि करूनही दाखवलं. पायांनी मात्र ते पूर्ण राउंडभर पुरवलं नाही.

आता जॉर्ज फोरमन बघा. नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. फोरमन ४५ वर्षांचा, मायकेल मूरर २६ चा, ३५ लढतींत अपराजित आणि त्यातल्या ३० नॉकआउटने जिंकलेला. नऊ राउंड मूररने त्याला मनसोक्त मारलं, तिन्ही पंचांच्या कागदावर तोच पुढे होता. पण फोरमनचा खेळ पायांवर कधी अवलंबून नव्हताच. तो समोर उभा राहिला, मार खाल्ला, आणि दहाव्या राउंडमध्ये एक आखूड, सरळ उजवा हात मूररच्या हनुवटीवर बसला. हातातली ताकद शिल्लक होती, आणि त्याला तेवढीच हवी होती.

दुसरा प्रश्न तरुणाचा. बहुतेक तरुण ठोसेबाजांच्या लढती तीन-चार राउंडांत संपलेल्या असतात. लोक तो आकडा बघून हरखतात, मला त्याचीच काळजी वाटते. आठव्या राउंडमध्ये हात जड झाल्यावर हा माणूस काय करतो, हे अजून कोणी पाहिलेलंच नसतं. १९७४ मध्ये आफ्रिकेत, किन्शासाला हाच फोरमन २५ वर्षांचा होता. फ्रेझिअर आणि नॉर्टन या दोन नामांकित हेवीवेटनाही त्याने दोन-दोन राउंडांत संपवलं होतं. ३२ वर्षांचा मुहम्मद अली दोरांना टेकून उभा राहिला, फोरमनला मारू दिलं, आणि आठव्या राउंडमध्ये दमलेल्या फोरमनला पाडलं.

पण "तरुण दमेल, मग अनुभव जिंकेल" हेही डोळे झाकून धरू नका. त्यासाठी मला सगळ्यात जवळची वाटणारी लढत म्हणजे २९ एप्रिल २०१७, लंडनचं वेम्बली स्टेडियम, ९०,००० प्रेक्षक, वितालीचा धाकटा भाऊ व्लादिमिर क्लिचको विरुद्ध अँथनी जोशुआ. क्लिचको ४१ चा, जोशुआ २७ चा. जोशुआने १८ पैकी १८ लढती नॉकआउटने जिंकलेल्या, पण सातव्या राउंडच्या पुढे तो कधी गेलाच नव्हता. पाचव्या राउंडमध्ये जोशुआने क्लिचकोला पाडलं, आणि त्या भरात स्वतःच इतका दमला की राउंड संपताना क्लिचकोच त्याला मारत होता. सहाव्यात क्लिचकोचा सरळ उजवा हात बसला आणि जोशुआ कारकिर्दीत पहिल्यांदा कॅनव्हासवर पडला. उठला तेव्हा त्याचे पाय थाऱ्यावर नव्हते. त्या क्षणी लढत क्लिचकोच्या हातात होती.

आणि क्लिचको तुटून पडला नाही. जॅब मारत, अंतर राखून, सावध खेळत राहिला. जोशुआला दम परत मिळाला, अकराव्यात त्याच्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) क्लिचकोची मान मागे उडाली, दोनदा तो पडला आणि रेफरीने लढत थांबवली.

सहाव्यात क्लिचकोने हात आखडता का घेतला असेल? मला त्याचं मूळ २००४ मध्ये दिसतं. लेमन ब्रूस्टरला त्याने चौथ्या राउंडमध्ये पाडलं होतं, आणि पाचव्यात स्वतःच पार गळून जाऊन हरला होता. त्यानंतर ट्रेनर इमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखाली त्याने सावधपणा अंगात मुरवला आणि वर्षानुवर्षं त्याच जोरावर राज्य केलं. तोच सावधपणा वेम्बलीत आडवा आला. अनुभव माणसाला काय करावं हे शिकवतो तसं कशाला भ्यावं हेही शिकवतो. म्हणून जुन्या गड्याच्या विजयांइतकेच त्याचे पराभव मी लक्ष देऊन बघतो.

याची उलट बाजूही त्याच जोशुआने दाखवली. सप्टेंबर २०२४, पुन्हा वेम्बली. आता अनुभवी जोशुआ होता, ३४ वर्षांचा, आणि समोर २७ चा डॅनियल दुबॉ. जोशुआ पहिल्या राउंडपासून पडत होता. पाचव्यात त्याचा एक उजवा जोरात बसला, दुबॉ डगमगला, आणि जोशुआ त्याला संपवायला अपरकट घेऊन आत घुसला. दुबॉचा उजवा हात त्याच क्षणी आला. तिथे खेळ संपला.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये हाच दुबॉ ३८ वर्षांच्या विश्वविजेत्या ऑलेक्झांडर उसिकसमोर उभा होता. तरुण, फॉर्मात, जबर ठोसा. मी इथे उसिकच्या बाजूने होतो, आणि कारण सरळ होतं. आदल्या वर्षी तो टायसन फ्युरीशी (हा ब्रिटिश हेवीवेट, माइक टायसन नव्हे) दोनदा पूर्ण बारा-बारा राउंड खेळला होता, त्याचे पाय जागेवर असल्याचं डोळ्यांनी दिसत होतं, आणि दुबॉला त्याने २०२३ मध्ये एकदा हरवलंही होतं. पाचव्या राउंडमध्ये डावखुऱ्या उसिकच्या डाव्या हाताने निकाल लावला.

म्हणून पुढच्या वेळी जुन्या गड्याची शेवटची लढत आवाज बंद करून बघा, म्हणजे समालोचकांच्या उत्साहात वाहून जाणार नाही. जॅब मारल्यावर त्याचा हात सरळ हनुवटीपाशी परत येतो की छातीवरून रेंगाळत येतो? ठोसा चुकल्यावर मागचा पाय लगेच खाली येतो का? हात रेंगाळत असेल आणि समोरच्याचा उजवा हात वेगवान असेल, तर मी तरुणाकडे जातो, मग जुना कितीही मोठा असो. वर्ष-दीड वर्षापेक्षा जास्त खंड असेल तर आणखी लवकर जातो, कारण जिममधला सराव कितीही केला तरी रिंगमधलं अंतर आणि वेळ यांचा अंदाज लढतीतच टिकतो. याउलट हात नीट परतत असेल, तो वर्षातून दोनदा लढत असेल आणि तरुण कधी सहा राउंडांच्या पुढे गेलेला नसेल, तर मी जुन्याला धरतो, आणि निकाल सातव्यानंतर लागेल असं सांगतो.

वजनाच्या बाबतीत मात्र फसू नका. १९८० मध्ये ३८ वर्षांचा अली दोन वर्षांच्या खंडानंतर होम्ससमोर आला तेव्हा तो शिडशिडीत, केस काळेभोर, अगदी जुन्या अलीसारखा दिसत होता. थोड्या महिन्यांत भरपूर वजन उतरवलेलं, त्यात थायरॉइडची गोळी चालू. अंगात जीवच उरला नव्हता. दहा राउंड तो नुसता मार खात राहिला आणि मग त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीने लढत थांबवली. तेव्हापासूनच्या कुठल्याही जुन्या हेवीवेटचं लढतीआधी वजन होतं तेव्हा मी त्याच्या पोटाकडे बघत नाही. मागच्या लढतीपेक्षा किती किलो कमी झाले आणि किती दिवसांत, एवढंच तपासतो.