कंपनीच्या कार्डाची जुनी थकबाकी आणि वसुलीचे फोन

प्रश्न : मी उद्यमबागेतील एका कारखान्यात विक्री विभागात होतो. कंपनीने माझ्या नावाचे क्रेडिट कार्ड दिले होते. कोल्हापूर, हुबळी, पुण्याच्या फेऱ्यांचा खर्च त्यावर होत असे आणि बिल कंपनी भरत असे. डिसेंबर 2018 मध्ये कारखाना बंद पडला आणि 10 जानेवारी 2019 ला भरायचे बिल तसेच राहिले. त्यानंतर मी एक रुपयाही भरलेला नाही, कुठे सहीही केलेली नाही. आता एका वसुली संस्थेचे लोक रोज फोन करून 1,86,000 रुपये मागतात, अटकेची भीती घालतात आणि ‘आज 500 रुपये भरा, फाइल थांबवतो’ असे सांगतात. परवा मुलीने फोन उचलला, तर तिलाही नको ते बोलले. मी काय करावे?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : ते 500 रुपये भरू नका आणि फोनवर कशालाही ‘हो’ म्हणू नका. थकलेले बिल हा दिवाणी मामला आहे. केवळ पैसे थकले म्हणून कोणालाही अटक होत नाही.

पहिला प्रश्न हा की देणे मुळात कोणाचे आहे. कंपनीच्या कार्डात कधी जबाबदारी फक्त कंपनीची असते, कधी कर्मचाऱ्याची, तर कधी दोघांचीही, आणि हे कार्डावरच्या नावावरून नव्हे, तर तुम्ही सही केलेल्या अर्जावरून ठरते. म्हणून बँकेला आणि वसुली संस्थेला लेखी पत्र पाठवून त्या अर्जाची प्रत, थकबाकीचा तपशीलवार हिशेब आणि कर्ज दुसऱ्या संस्थेला विकले असल्यास त्या हस्तांतराचा कागद मागा. पत्राच्या सुरुवातीलाच ‘हे देणे मला मान्य नाही’ असे स्पष्ट लिहा आणि पोच जपून ठेवा.

दुसरा प्रश्न मुदतीचा. 1963 च्या मुदत कायद्यानुसार अशा पैशांच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे मिळतात. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मोजणीतून वगळला, आणि बरेच लोक नेमके इथेच चुकतात. तुमच्या हिशेबात 15 मार्च 2020 पर्यंत सुमारे चौदा महिने गेले होते. उरलेले जवळजवळ बावीस महिने 1 मार्च 2022 पासून धरले, तर मुदत डिसेंबर 2023 च्या अखेरीस संपते. मात्र मधल्या काळात तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणी रक्कम भरली असेल, किंवा देणे लेखी कबूल केले असेल, तर मोजणी बदलते.

मुदत संपल्यावर किरकोळ रक्कम भरल्याने दाव्याची मुदत पुन्हा सुरू होत नाही. पण पैसे फेडण्याचे सहीनिशी लेखी वचन दिले, तर करार कायद्याच्या कलम 25 (3) नुसार तो नवा, अंमलात आणता येणारा करार ठरतो. पाचशेच्या मागोमाग ‘सेटलमेंट’चा कागद येतो, तो याचसाठी. माझ्या टेबलावर असा एक कागद आला होता: वर लाल अक्षरांत ‘अंतिम कायदेशीर नोटीस’, खाली वकिलाचे नाव नाही, सही नाही, आणि शेवटच्या ओळीत बारीक टाइपात ‘संपूर्ण थकबाकी मला मान्य आहे’. खानापूरहून आलेला तो माणूस दोन दिवस झोपला नव्हता.

छळाबद्दल : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, धमकावता येत नाही, कुटुंबीयांच्या खासगी आयुष्यात घुसता येत नाही. एजंटांच्या वर्तनाची जबाबदारी बँकेचीच आहे. तेव्हा आधी बँकेकडे तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आपल्या भागात कागद कन्नडमध्ये द्यायचा की इंग्रजीत, या विचारातच माणूस अडखळतो. पण लोकपाल योजनेच्या चंडीगढ येथील केंद्राकडे लेखी तक्रार कोणत्याही भाषेत पाठवता येते, अर्थात मराठीतही. 2025 मध्ये मायक्रोफायनान्सच्या (छोटी कर्जे देणाऱ्या संस्थांच्या) छळाविरुद्ध कर्नाटकात जो कायदा गाजला, त्यावर मात्र विसंबू नका. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँका त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका. तिथे तडजोड तुमच्या संमतीनेच होते. पण एकदा सही केली की तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो आणि त्यावर अपील नसते. न्यायालयाचे समन्स आले, तर मात्र ते कधीही टाळू नका. संक्षिप्त दाव्यात, म्हणजे पैशांच्या वसुलीसाठी झटपट चालणाऱ्या दाव्यात, हजेरी नोंदवण्यास 10 दिवसच मिळतात. समन्स हातात पडताच वकिलाकडे जा आणि मुदतीचा मुद्दा कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, पहिल्यांदा मांडा. वकिलाचा खर्च परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

मुलीला आलेल्या फोनची तारीख, वेळ आणि नंबर आजच वहीत लिहून ठेवा. बँकेकडच्या तक्रारीत पहिला परिच्छेद तोच असू द्या.