हायलक्सला सरळ अ‍ॅक्सल बसवण्याआधी

अरे, पुढचं सस्पेन्शन कापून सरळ अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) बसवायचा म्हणतोस, तर ग्राइंडर चालवायच्या आधी ऐक. अमेरिकेत १९८६ पासून टोयोटाच्या फोर बाय फोर पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं, आलं; त्याआधी सरळ अ‍ॅक्सल होता. त्यामुळे १९७९ ते ८५ मधला अख्खा अ‍ॅक्सल शोध. त्याचा डिफरन्शिअल गोळा (चाकांकडे ताकद वळवणारे गियर असलेला) उजवीकडेच असतो, म्हणजे ट्रान्सफर केसशी, पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या डब्याशी, भांडण नाही. गियर रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) मात्र मागच्या अ‍ॅक्सलशी जुळवच. मागे ४.१० आणि पुढे दुसरंच असेल, तर फोर-व्हीलमध्ये घट्ट जमिनीवर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना ओढतात आणि काहीतरी मोडतं.

खरा घोळ स्टीअरिंगचा. जुन्या पद्धतीत ड्रॅग लिंक (स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) पुढे-मागे ढकलते, त्यामुळे स्प्रिंग दबली की चाकं आपोआप वळतात. तुझ्या गाडीचा मूळ स्टीअरिंग बॉक्स आडवा ढकलतो. तोच ठेव आणि लिंक आडवी जोड. स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग चासीला धरणारे कंस) आधी नुसते टाके मारून धर, गाडी तिच्या वजनावर उभी कर, कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) मोज, मगच पक्कं वेल्डिंग. मी घाई केली होती. हायवेवर गाडी दारू प्यायल्यासारखी चालायची, सगळं कापून पुन्हा केलं.

ब्रेकचे होज (रबरी नळ्या) लांब घे. आणि फक्त उंच दिसायला हे करणार असशील, तर नकोच करू.