सरकारसोबत शिक्षणाचा प्रयोग करताना खरी अडचण कुठे येते?

तुमचा प्रश्न असा आहे: संस्थेच्या स्वतःच्या माणसांनी वाचनवर्ग घेतले तेव्हा मुलं वाचायला लागली. आता तेच जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांकडून करवून घ्यायचं आणि काही शाळा तुलनेसाठी बाजूला ठेवून परिणाम मोजायचा, तर कोणत्या अडचणी येतील?

मी काही वर्षं शाळांतल्या कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचं काम केलं आहे. परवानगीची फाईल अडते, अधिकारी बदलतो, सत्र सुरू होऊन महिना गेला तरी पत्र निघत नाही, हे सगळं होतं. पण त्यातून वाट निघते. खरी अडचण ही की संस्थेने केलेला कार्यक्रम आणि सरकारने केलेला कार्यक्रम यांचं नाव एक असलं तरी बहुतेक वेळा ते दोन वेगळे कार्यक्रम असतात.

केनियात हे फार स्पष्ट दिसलं. कंत्राटी शिक्षक नेमले की मुलांचं शिकणं सुधारतं, असं तिथल्या आधीच्या प्रयोगांत आढळलं होतं. सरकारने ते देशभर न्यायचं ठरवलं, तेव्हा संशोधकांनी काही शाळांत नेमणुकांचं काम वर्ल्ड व्हिजन या संस्थेकडे आणि काही शाळांत खुद्द शिक्षण मंत्रालयाकडे दिलं. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, मंत्रालयाच्या शाळांत काहीच फरक पडला नाही. तिथे पगार रखडले, देखरेख ढिली राहिली, आणि शिक्षक संघटना कंत्राटी भरतीविरुद्ध उभी राहिली. लहान प्रयोगाकडे संघटना लक्ष देत नाही. योजना देशभर जायची म्हटली की देते, आणि तिने तसं करणं स्वाभाविकच आहे.

आपल्याकडचं उदाहरण तुमच्या कामाच्या जास्त जवळचं आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षण संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी कार्यक्रम केला: वस्तीतली एक तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं, तर मुलं खरोखर पुढे गेली होती. मग पुढचा प्रश्न आला, सरकारी शिक्षक हेच करतील का? २००८ पासून बिहारमध्ये ते तपासलं गेलं. उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच शिकवलं आणि मुलं सुधारली. पण शाळेच्या वर्षात त्याच राज्यातल्या शिक्षकांना साहित्य दिलं, प्रशिक्षण दिलं, तरी काही घडलं नाही. जोडीला स्वयंसेवक होते तिथेच फायदा दिसला. उत्तराखंडात तर स्वयंसेवकांना शाळेने नेहमीच्या शिक्षकांसारखं वर्गावर घेतलं, आणि परिणाम शून्य.

म्हणजे शिक्षकाला येत नव्हतं असं नाही. उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावर अभ्यासक्रम नव्हता. शाळा सुरू झाली की पाठ्यपुस्तक संपवायचं असतं, आणि अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलेलं आहे. पाचवीतल्या मुलाला अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षकाला वर विचारणारा कोणी असतो, पण त्याला पाठिंबा देणारा कोणी नसतो.

हरियाणात २०१२-१३ मध्ये रचना बदलली. दिवसातला एक तास फक्त याच कामासाठी ठेवला, आणि त्या तासात मुलं इयत्तेनुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार बसवली. आपल्याकडे शाळांच्या एका गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारे केंद्रप्रमुख किंवा शिक्षकांना मदत करणाऱ्या साधनव्यक्ती असतात; त्यांच्या जागी तिथे जे पर्यवेक्षक आहेत, त्यांनी आधी स्वतः १५-२० दिवस वर्ग घेतले आणि मग शिक्षकांना मार्गदर्शन केलं. हिंदी वाचनात सुधारणा झाली, आणि ती सरकारी माणसांच्या हातून झाली. मला या सगळ्या मालिकेत हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. स्वतः वर्ग घेतलेला केंद्रप्रमुख शाळेत आला की ‘अहवाल भरला का’ असं न विचारता ‘हा मुलगा अजून शब्दातच का अडकलाय’ असं विचारतो.

याच्या उलट घडलं ते मध्य प्रदेशात. शाळांचं मूल्यमापन करायचं, श्रेणी द्यायची, प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा करायचा, असा कार्यक्रम. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी तो १,७७४ शाळांत तपासला. मूल्यमापन जवळपास सगळीकडे पूर्ण झालं, कागद भरले गेले, आणि मुलांच्या शिकण्यात काहीही बदल झाला नाही. तरी कार्यक्रम यशस्वी समजला गेला आणि त्याच धर्तीवर देशातल्या ६ लाखांहून अधिक शाळांत पोहोचला. महाराष्ट्रातल्या ज्या शिक्षकांनी शाळा सिद्धीची, म्हणजे शाळेने स्वतःचंच मूल्यमापन करण्याच्या सरकारी कार्यक्रमाची, माहिती ऑनलाइन भरली आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही. यंत्रणेला जे मोजता येतं तेच खालपर्यंत पोहोचतं, आणि तिला भरलेले अहवाल मोजता येतात.

म्हणून चाचणी कोण घेणार हे सुरुवातीलाच पक्कं करा. ज्या शिक्षकाच्या कामाचं मोजमाप व्हायचं त्यानेच चाचणी घेऊन गुण भरले, तर आकडे फुगतात. सिंग यांनी मध्य प्रदेशातच सरकारी चाचणीतले काही प्रश्न त्याच मुलांना स्वतंत्रपणे पुन्हा विचारले, आणि सरकारी नोंदीतले गुण प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त निघाले. शाळेतल्या संकलित (सत्राअखेरच्या) चाचणीच्या गुणांवर तुमचा निष्कर्ष टेकवू नका. वेगळी माणसं पाठवा, मुलाला समोर बसवून वाचायला लावा.

तुलनेच्या शाळांबद्दल थोडं. ‘माझ्या तालुक्यातल्या निम्म्या शाळा का वगळता?’ हा प्रश्न गटशिक्षणाधिकारी विचारणारच, आणि तो रास्त आहे. मेक्सिकोत ‘प्रोग्रेसा’ या, गरीब कुटुंबांना मुलं शाळेत पाठवण्यासाठी पैसे देणाऱ्या योजनेने १९९७ च्या सुमारास यावर चांगला तोडगा काढला: ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी लाभ दिला, उरलेल्या १८६ गावांना नंतर. कोणालाच कायमचं वगळलं नाही. तुम्हीही पहिल्या वर्षाच्या शाळा आणि दुसऱ्या वर्षाच्या शाळा अशी विभागणी करा, आणि चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा. विभागणी शाळेनुसार न करता केंद्रानुसार करा, कारण एकाच केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्राच्या बैठकीत, भेटतात आणि चांगली गोष्ट एकमेकांना सांगतात. त्यांना अडवू नये. शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्या झाल्या की प्रशिक्षित शिक्षक तुलनेच्या शाळेत जाऊन बसतो, त्यामुळे कोण कुठे गेलं याची नोंद दरवर्षी ठेवा. निवडणुकीचं आणि बीएलओचं (मतदार याद्यांचं) काम किती दिवस खातं, तेही लिहा. परिणाम दिसला नाही तर कार्यक्रम वाईट होता की तो झालाच नाही, हे त्यावरूनच कळेल.

आणि करारात एक कलम आग्रहाने घाला: निकाल काहीही आला तरी तो जाहीर होईल. हे प्रयोग सुरू होण्याआधीच लिहून घ्या. ज्या अधिकाऱ्याने सही केली तो निकालाच्या वेळी बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात असेल, आणि नव्या साहेबांना शून्य आलेला निकाल छापायला राजी करणं फार कठीण जातं.