ज्येष्ठ कोण आणि प्रमुख कोण? मुंबईच्या न्यायालयांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शहर दिवाणी न्यायालयाचे प्रधान न्यायाधीश किंवा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश तिथले सर्वांत ज्येष्ठच असले पाहिजेत, असा कायदा आहे का? (गिरगाव)

उत्तर : नाही. शहर दिवाणी न्यायालय १९४८ च्या कायद्याने आले, लघुवाद न्यायालय १८८२ च्या कायद्यावर चालते. दोन्हीकडे प्रमुखाचे पद आहे, पण ते ज्येष्ठतेनेच भरावे अशी अट नाही. किल्ला कोर्टाचेही, म्हणजे तिथल्या दंडाधिकारी न्यायालयाचेही तसेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि महानगर दंडाधिकारी हा वर्गच कायद्यातून गेला. पण मुख्य न्यायदंडाधिकारी कोणाला करायचे हे आजही उच्च न्यायालयच ठरवते.

‘तिथले सर्वांत ज्येष्ठ’ हे शब्द मात्र दुरुस्त करायला हवेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३६ मध्ये ‘जिल्हा न्यायाधीश’ याची जी व्याख्या आहे, तिच्यात शहर दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीशही येतात आणि लघुवाद न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही. म्हणजे ज्येष्ठता मोजायची ती राज्यभराच्या संवर्गात, एका इमारतीत नव्हे. नागपूर किंवा पुण्याहून बदलून आलेले न्यायाधीश मुंबईत प्रमुख होऊ शकतात, आणि त्यात कोणाला डावलले असे आपोआप ठरत नाही. जिल्हा न्यायाधीशपदी पहिली नेमणूक आणि बढती राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. पुढची बदली अनुच्छेद २३५ खाली उच्च न्यायालयाच्या हातात असते; सर्वोच्च न्यायालयाने हे १९६७ मध्ये आसामच्या एका प्रकरणात स्पष्ट केले.

प्रश्न : मग विधिमंडळाने ज्येष्ठतेचा नियम कायद्यात का लिहू नये? अमेरिकेत तसा कायदा आहे असे वाचले. (मुलुंड)

उत्तर : अमेरिकेच्या संघीय जिल्हा न्यायालयांपुरते ते खरे आहे. तिथे मुख्य न्यायाधीशाची जागा रिकामी होते त्या दिवशी जे न्यायाधीश ६४ किंवा त्याहून कमी वयाचे आहेत, किमान एक वर्ष काम केलेले आहेत आणि पूर्वी मुख्य न्यायाधीश झालेले नाहीत, त्यांच्यातला ज्येष्ठ त्या पदावर येतो. मुदत ७ वर्षे, आणि सर्वसाधारणपणे सत्तरीनंतर ते पद सोडावे लागते. या नियमाचे खरे बळ ६४ च्या अटीत आहे. नुसती ज्येष्ठता पाहिली तर निवृत्तीला टेकलेला माणूस प्रमुख होतो. काम समजून घेईपर्यंत निरोपाचा दिवस उजाडतो. कोणत्या न्यायाधीशाकडे कोणती प्रकरणे, विशेष न्यायालयांचा कार्यभार कोणाकडे, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, हे सगळे प्रमुखाच्या टेबलावरून जाते. दर सहा महिन्यांनी टेबलामागचा माणूस बदलला तर पक्षकारालाही त्याची झळ लागते.

आपल्याकडे जिल्हा न्यायाधीश ६० व्या वर्षी निवृत्त होतात. तेव्हा असा नियम करायचाच, तर ‘जागा रिकामी होताना किमान दोन वर्षे सेवा शिल्लक असलेल्यांमधील ज्येष्ठ’ असा असावा, हे आमचे स्पष्ट मत. ज्येष्ठतेने मर्जीला लगाम बसतो, शिल्लक सेवेच्या अटीने कामाला सलगता मिळते. एकच घेतले तर दुसरे हातचे जाते.

राज्याला इथे मोकळे रान मात्र नाही. अनुच्छेद ३०९ खाली न्यायिक सेवेच्या ज्येष्ठतेचे नियम करता येतात, हे बी. एस. यादव विरुद्ध हरियाणा राज्य या १९८० च्या निकालात मान्य झाले. पण त्या नियमांप्रमाणे प्रत्यक्ष ज्येष्ठता लावणे उच्च न्यायालयाकडेच राहिले. पुढे बिहारने उच्च न्यायालयाला बाजूला ठेवून न्यायिक भरतीत आरक्षणाचा कायदा लागू केला, तो २००० मध्ये घटनापीठासमोर टिकला नाही. म्हणून मसुदा आधी उच्च न्यायालयाकडे जायला हवा.

प्रश्न : ज्येष्ठता यादीवर इतके वाद का होतात? (दादर)

उत्तर : कारण जिल्हा न्यायाधीश होण्याचे तीन रस्ते आहेत : सेवेतून नियमित बढती, सेवेतल्यांसाठी मर्यादित स्पर्धा परीक्षा आणि वकिलांमधून थेट भरती. प्रमाण ५०:२५:२५. बढत्या वेळेवर होतात, थेट भरती रखडते. मग ज्या जागेवर आपला हक्क होता तिथे दुसरा आधी बसला, ही तक्रार येते. तात्पुरत्या नेमणुकीची वर्षे धरायची का, हा वाद त्यात भर घालतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार बिंदूंची, म्हणजे यादीतल्या ठरलेल्या क्रमाच्या जागांची, वार्षिक नामावली ठरवून दिली : दोन बढतीचे, एक परीक्षेचा, एक थेट भरतीचा, आणि पुन्हा तोच क्रम. परीक्षेतून किंवा थेट भरतीत पुरेसे उमेदवार मिळाले नाहीत आणि जागा बढतीने भरली, तर बढती मिळालेल्याला पुढचा बढतीचाच बिंदू मिळतो, रिकामा राहिलेला बिंदू मिळत नाही.

प्रश्न : यादीत चूक दिसली तर न्यायिक अधिकाऱ्याने काय करावे? (ठाणे)

उत्तर : तात्पुरती यादी प्रसिद्ध होते तेव्हाच, दिलेल्या मुदतीत, लेखी हरकत घ्यावी. हरकतीत नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याची तारीख आणि कोणत्या मार्गाने आलो हे तिन्ही लिहावे. अर्ज कार्यालयप्रमुखामार्फत उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांकडे (रजिस्ट्रार जनरल) जातो. तो फेटाळला तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. बऱ्याच याचिका दोन कारणांनी अडतात. एक, ज्यांचा क्रमांक खाली जाणार त्यांना प्रतिवादीच केलेले नसते. त्यांचे ऐकल्याशिवाय न्यायालय यादी हलवत नाही. दुसरे, उशीर. ज्येष्ठतेला आव्हान देण्यासाठी तीन-चार वर्षे हा वाजवी काळ, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ओडिशाच्या प्रकरणात म्हटले आहे. त्यानंतर आलेल्याला उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते, आणि मधल्या काळात पाठवलेली स्मरणपत्रे ते कारण ठरत नाहीत.